भरीव चेन: गलाईवाल्याच्या काट्यावरून

मोडीला आलेली चेन हातात पडली की मी आधी तिची टोकं बघतो. हुकाजवळची शेवटची कडी किती झिजली आहे, तिला आतल्या बाजूनं खाच पडली आहे का, यावरून ती चेन किती वर्षं आणि कशी वापरली याचा बराचसा अंदाज येतो. मी खानापूर तालुक्यातला, विट्याजवळच्या गावचा. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. मी १९८७ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, चुलत्यांबरोबर कोइमतूरला गेलो आणि ३१ वर्षं तिथंच राहिलो. जुने दागिने वितळवायचे, सोनं शुद्ध करायचं, टंच म्हणजे सोन्याची शुद्धता काढून द्यायची. भट्टी, मूस (सोनं वितळवायचं भांडं), टाकणखार, तेजाब (ॲसिड) यांच्यात उमेदीची सगळी वर्षं गेली.

आता गावी असतो. लग्नसराई आली की कुणी ना कुणी विचारायला येतं, ‘काका, मुलीला चेन घ्यायची आहे, काय बघू?’ दरवेळी तेच सांगतो, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय. माझं सांगणं एवढंच आहे की चेन घेताना ती वीस वर्षांनी काट्यावर किती भरेल आणि मुशीत किती उतरेल, हे डोळ्यांपुढं ठेवा. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली सगळ्याच चेनी सुंदर दिसतात.

भरीव की पोकळ, हा पहिला प्रश्न

कॅरेट नंतर विचारा. आधी विचारा, ‘ही भरीव आहे की पोकळ?’ हा प्रश्न विचारायला लोक लाजतात आणि पुष्कळसं नुकसान तिथंच होतं.

पोकळ चेन म्हणजे खोटी चेन नव्हे. तिचं सोनं खरंच बावीस कॅरेटचं असतं, हॉलमार्कही खरा असतो. तांब्याच्या किंवा लोखंडाच्या तारेवर सोन्याचा पातळ पत्रा गुंडाळतात, त्याच्या कड्या करतात, चेन विणतात आणि मग आतली तार तेजाबात विरघळवून टाकतात. उरते सोन्याची नळी. दिसायला जाडजूड, वजनाला हलकी. एका समारंभापुरती घालून परत कपाटात ठेवायची असेल तर खुशाल घ्या. पण रोज गळ्यात घालायची असेल तर घेऊ नका, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

थोरली मुलगी दहावी पास झाली तेव्हा मी तिला दोरीच्या पिळाची एक चेन घेतली होती. आठ ग्रॅमची, पण दिसायला पंधरा ग्रॅमची वाटावी अशी. मी घाईत होतो, नक्षी आवडली, घेतली. दोन वर्षांत दप्तराच्या पट्ट्याखाली दबून तिला चेप पडले आणि एक दिवस ती मध्येच तुटली. तीन कारागिरांनी हात लावायला नकार दिला. चौथ्यानं झाळून, म्हणजे आच देऊन सांधा जोडून, बघितली तर फुंकणीच्या आचेनं शेजारचा पत्राच वितळून भोक पडलं. शेवटी ती माझ्याच भट्टीत गेली. पोरीची पहिली चेन वितळवताना मला जे वाटलं ते कुणाच्या वाट्याला येऊ नये.

ओळखायचं कसं? बावीस कॅरेटचं भरीव सोनं पाण्याच्या सतरा पटींहून जास्त जड असतं. त्यामुळं हातावर घेतल्यावर डोळ्यांना वाटतं त्यापेक्षा ते जड लागलं पाहिजे. जाडी बघून वाटलेलं वजन आणि तळहाताला जाणवलेलं वजन यात ‘अरेच्चा, एवढीच?’ असं झालं तर थांबा. त्याच जाडीची दुसरी चेन मागा आणि दोन हातांवर दोन्ही ठेवा. पोकळ चेन काचेवर सोडली तर आवाजही पातळ येतो, पण तो कळायला कान तयार लागतो. नवख्यानं सरळ विचारावं आणि ‘भरीव’ हा शब्द बिलावर लिहून घ्यावा. लिहून द्यायला कुणी का-कू केली तर उत्तर मिळालंच.

कोणती वीण घ्यावी

नावं दुकानागणिक बदलतात, म्हणून मी आकार सांगतो.

साध्या गोल किंवा लंबगोल कड्यांची साखळी आणि चपट्या पिळाची, अंगाला चिकटून बसणारी कर्ब चेन या दोन सर्वांत इमानी. कडी तुटली तर तेवढीच काढून नवी घालता येते. चौकोनी कड्यांची बॉक्स चेन पदकासाठी चांगली, मात्र फार बारीक घेऊ नका. गव्हाच्या ओंबीसारखी विणलेली चेन मजबूत असते, फक्त तिच्या सांदीत मळ फार बसतो.

सापाच्या अंगासारखी गुळगुळीत सलग चेन, किंवा माशाच्या काट्यासारखी चपटी चेन, ही दिसते फार देखणी. पण एकदा मुडपली की ती घडी जात नाही. कारागीर कितीही चांगला असला तरी सांध्याची जागा कडक होते आणि शेजारून पुन्हा तुटते. अशा चेनी माझ्याकडं जवळजवळ नव्या असतानाच मोडीला यायच्या.

आपल्याकडचा जुना गोफ मला आजही सगळ्यात आवडतो. तारेची घट्ट वीण, सगळीकडून सारखी. त्यात सोनं जास्त लागतं, घडणावळ म्हणजे घडवण्याची मजुरीही जास्त, आणि चांगला गोफ विणणारा कारागीर शोधावा लागतो. पण माझ्या आजोबांचा गोफ वडिलांनी घातला आणि आता धाकटा भाऊ घालतो.

लांबी दुकानात इंचात सांगतात. सोळा इंची गळ्यालगत बसते, अठरा इंची गळ्याच्या हाडावर, वीस-बावीस इंची त्याखाली, आणि पुरुष मंडळी बहुधा बावीस-चोवीस घेतात. घरून दोरा गळ्यात धरून मापून न्या. आरशासमोर उभं राहून घेतलेलं माप बसल्यावर बदलतं, म्हणून दुकानात एकदा बसूनही बघा. पदक घालणार असाल तर माझा हिशेब असा की चेनीचं वजन पदकाच्या निदान दुप्पट असावं. दोन ग्रॅमच्या चेनीत चार ग्रॅमचा गणपती अडकवला की पदकाची कडी चेनीला करवतीसारखी कापत राहते.

आणि हूक! लोक नक्षी अर्धा तास बघतात, हूक अर्धा मिनिटही बघत नाहीत. चेन हरवते ती बहुतेक वेळा तिथूनच. एसच्या आकाराचा हूक पूर्ण सोन्याचा असतो, पण बावीस कॅरेट मऊ असल्यानं तो हळूहळू उघडतो. महिन्यातून एकदा बघून कारागिराकडून दाबून घ्यावा. खटका असलेल्या हुकात आत पोलादी स्प्रिंग असते. वितळवण्याआधी आम्ही ती काढून टाकायचो, नाहीतर तेवढं लोखंड सोन्याच्या वजनात धरलं जातं. रोजच्या वापराला मी खटक्याचाच हूक सुचवतो. दोन्ही टोकांच्या कड्या नुसत्या दाबून बंद केलेल्या आहेत की झाळलेल्या, हे भिंगातून बघायला मागा. झाळलेल्याच हव्यात.

कॅरेट आणि हॉलमार्क

बावीस कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, उरलेलं बहुधा चांदी आणि तांबं. अठरा कॅरेट म्हणजे ७५०, चौदा म्हणजे ५८५. आपल्याकडं मन बावीसकडं ओढतं आणि मोडीच्या दृष्टीनं ते सोपंही आहे. पण बारीक चेन, रोजचा वापर, कडेवर लहान मूल असं असेल तर अठरा कॅरेट जास्त टिकते. बाळाच्या मुठीला बावीस कॅरेटची दीड ग्रॅमची चेन काहीच नाही.

१६ जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला, पुढं जिल्हे वाढत गेले. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांकही असावा लागतो. म्हणजे चेनीवर तीन खुणा शोधायच्या: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) त्रिकोणी चिन्ह, शुद्धता म्हणजे २२के९१६ वगैरे, आणि तो सहा खुणांचा क्रमांक. चेनीत हे सगळं हुकावर किंवा हुकाजवळच्या छोट्या पत्रीवर असतं. दुकानदारानं भिंग दिलंच पाहिजे.

तेवढ्यावर थांबू नका. फोनवर ‘बीआयएस केअर’ हे ॲप घ्या आणि दुकानात बसल्या बसल्या तो क्रमांक टाका. कोणत्या केंद्रात हॉलमार्क झाला, दागिना कोणत्या प्रकारचा, शुद्धता किती, हे समोर येतं. तुमच्या हातात चेन आणि ॲपमध्ये अंगठी असेल तर उठून चालू लागा. मी हे का सांगतो? छाप एवढ्याशा पत्रीवर असतो आणि पत्री एका दागिन्यावरून काढून दुसऱ्याला लावता येते. एकदा एक गृहस्थ अशी चेन घेऊन आले होते. पत्री चोख ९१६ची, चेन वितळली तेव्हा सातशेच्या आसपास. ते गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत.

शंका असेल तर हॉलमार्किंग केंद्रात ग्राहकालाही दागिना तपासून घेता येतो आणि खर्च फार नसतो. हॉलमार्कच्या दागिन्यात शुद्धता कमी निघाली तर जेवढी तूट, तिच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागण्याचा हक्क नियमानं दिलेला आहे. बिल जपून ठेवायचं ते यासाठी.

जुन्या चेनींबद्दल ‘केडीएम’ हा शब्द ऐकाल. टाक्यात, म्हणजे सांधे जोडायच्या मिश्रणात, कॅडमियम घालायचे त्यावरून तो आला. टाका चांगला बसायचा आणि दागिन्याचा कसही राखला जायचा, पण कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं आणि सोनं वितळायला १०६४ अंश लागतात. म्हणजे प्रत्येक झाळणीला त्याचा धूर कारागिराच्या छातीत. ती पद्धत आता बाद झाली आहे. कुणी ‘केडीएम म्हणजे एकदम शुद्ध’ असं सांगून चेन विकत असेल तर घेऊ नका.

घडणावळ ग्रॅममध्ये मोजा

घडणावळ टक्क्यांत सांगितली की ती छोटी वाटते. ती ग्रॅममध्ये करून बघा. दहा ग्रॅमच्या चेनीला बारा टक्के घडणावळ म्हणजे १.२ ग्रॅम सोन्याची किंमत. त्यावर तीन टक्के जीएसटी. एकूण ११.५४ ग्रॅमचे पैसे देऊन तुम्ही दहा ग्रॅम घरी आणता. तीच घडणावळ आठ टक्के असती तर ११.१२ ग्रॅमचे झाले असते. मोडीच्या वेळी घडणावळही परत येत नाही आणि करही. म्हणून गुंतवणूक म्हणून चेन घेणाऱ्यांना मी साधी, यंत्रावर केलेली, कमी घडणावळीची भरीव साखळी सांगतो. कारागिराच्या हाताची वीण घ्यायची असेल तर जास्त घडणावळ आनंदानं द्या, ती त्याच्या डोळ्यांची आणि पाठीची मजुरी आहे. फक्त काय कशासाठी देतोय ते माहीत असू द्या.

घडणावळीवर घासाघीस करता येते, करावी. सोन्याच्या दरावर मात्र करू नये, तो सगळीकडं जवळपास सारखाच असतो आणि फार कमी सांगणाऱ्याची मला काळजी वाटते.

बिलावर ढोबळ वजन आणि निव्वळ वजन वेगळं हवं. साध्या चेनीत दोन्ही एकच असतं, पण मणी, खडे, मीना असेल तर फरक पडतो. (बोरमाळ किंवा ठुशी घेताना तर लाखेचं वजन किती हे विचाराच.) वजन तीन दशांशांपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर करा. काट्यावर पंखा नको, चेनीला चिठ्ठी-दोरा नको. आणखी एक शब्दांचा घोळ: जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजच्या बोलीतला तोळा दहा ग्रॅमचा. आजीची ‘दोन तोळ्यांची’ चेन मोडायला नेताना हा फरक ध्यानात ठेवा, दोन तोळ्यांत तीन ग्रॅमहून जास्त पडतो.

पाडव्याला किंवा दसऱ्याला घ्यायची असेल तर आठवडाभर आधी जाऊन पसंत करा, वजन-बिल तपासा आणि मुहूर्ताला फक्त घरी आणा. त्या गर्दीत भिंग मागायचं धाडस कुणाला होत नाही.

रोजची काळजी

सोनं गंजत नाही, पण झिजतं. माझ्या काट्यावर आलेली एक चेन मला लक्षात आहे. बिल १०.०२० ग्रॅमचं, २२ वर्षं रोजचा वापर, स्वच्छ करून मोजली तर ९.७१०. जवळजवळ तिसरा भाग ग्रॅम कपड्यांना, उशीला आणि दुसऱ्या दागिन्याला घासून गेला. विशेषतः मंगळसूत्र आणि चेन एकाच लांबीची असतील तर दोन्ही एकमेकींना खातात. लांबीत निदान दोन इंचांचा फरक ठेवा. झोपताना चेन काढता आली तर काढा.

धुण्यासाठी वाटीत कोमट पाणी घ्या, त्यात रिठ्याचं पाणी किंवा सौम्य साबणाचे दोन थेंब. चेन दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, मग लहान मुलाच्या मऊ ब्रशनं हलक्या हातानं सांदी-सांदीतून फिरवा. हे मोरीत किंवा सिंकमध्ये करू नका. वाटीतच करा आणि पाणी ओतताना चहाची गाळणी धरा. सुती कापडावर रात्रभर सुकू द्या. महिन्या-दीड महिन्यातून एकदा पुरे. टूथपेस्ट, राख, भांड्याची पावडर लावू नका. चकाकी येते ती वरचा थर घासला गेल्यामुळं येते.

ब्लीच आणि पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन सोन्यातल्या तांब्या-चांदीला धरतं, कमी कॅरेटमध्ये जास्त. कड्या ठिसूळ होतात. अत्तर, पावडर, केसांचं तेल आधी, चेन शेवटी. आणि पाऱ्यापासून फार जपा. काचेचा जुना तापमापक फुटला की आधी अंगठी-चेन काढून दूर ठेवा आणि मगच बाकीचं बघा. पारा सोन्यात शिरतो, सोनं पांढरं पडतं. ते घरी उकळून काढायला जाऊ नका, ती वाफ विषारी आहे. कारागिराला पारा लागला आहे हे स्पष्ट सांगून द्या.

दारावर ‘दागिने चमकवून देतो’ म्हणणाऱ्याला चेन देऊ नका. देऊच नका. शोऱ्याचं आणि मिठाचं तेजाब एकत्र केलं की त्यात सोनं विरघळतं. चेन तुमच्या डोळ्यांपुढं बुडवली जाते, तुमच्या डोळ्यांपुढं चमकून बाहेर येते आणि काही ग्रॅम त्या भांड्यातच राहतात. आमच्याच गल्लीतल्या एका आजींची पाटली आणि चेन अशी हलकी झाली होती. गाळलेलं पाणी तो माणूस नीट झाकून घेऊन गेला होता.

गुंता झाला तर ओढू नका. काचेवर ठेवा, गाठीवर खोबरेल तेलाचा एक थेंब सोडा आणि दोन सुयांनी सैल करा. ठेवताना हूक लावून, एकेक चेन वेगळ्या मऊ कापडात ठेवा. सराफाचा गुलाबी कागदही चालतो. बारीक चेन सरबताच्या नळीतून ओवून हूक लावला तर ती गुंततच नाही.

तुटली तर

कारागिरासमोर बसा. आधी वजन, नंतर वजन, दोन्ही चिठ्ठीवर. टाका त्याच कॅरेटच्या जवळचा मागा. रेडिओ दुरुस्तीच्या कथलाच्या झाळीनं सोनं कधीही जोडून घेऊ नका. त्यातलं शिसं पुढं आच लागली की सोन्यात शिरतं आणि कडी बिस्किटासारखी तुटते. शिसं लागलेली चेन शुद्ध करताना आम्हालाही दुप्पट काम पडायचं.

दर पाच-सहा वर्षांनी दोन्ही टोकांच्या कड्या बदलून घ्या, तुटायची वाट न बघता. खर्च नगण्य. माझ्या बायकोची पहिली चेन अशाच एका झिजलेल्या कडीतून निसटून बसमध्ये गेली. माझ्या रोजच्या नजरेसमोरची चेन होती ती, आणि मी दिवसभर दुसऱ्यांच्या कड्या भिंगातून बघत होतो.

मोडायची वेळ आली तर बिल बरोबर न्या. दुकानात भट्टीपाशी स्वतः उभे राहा. आधीचं वजन, वितळल्यावरचं वजन, मशीनवर आलेली शुद्धता, तिन्ही लिहून घ्या. मळ आणि टाक्यामुळं थोडी तूट येतेच, पण ती किती आणि का, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

बिलाचा कागद बहुधा उष्णतेनं छापलेला असतो, दोन-तीन वर्षांत अक्षरं उडतात. त्याच दिवशी झेरॉक्स काढा, फोटो काढा, एचयूआयडी वहीत लिहा. आमच्या घरी एक दोनशे पानी वही आहे. दर पाडव्याला बायको प्रत्येक चेन धुते, गावातल्या सराफाच्या काट्यावर मोजून आणते आणि आकडा लिहिते. तिच्या दुसऱ्या चेनीसमोर २००३ साली १५.२४० लिहिलं आहे. यंदा १५.११० भरली, आणि डावीकडच्या टोकाची कडी बदलायची आहे असं तिनं समोर पेन्सिलीनं लिहून ठेवलंय.